कोची ते मुझिरिस: मूळ काय, प्रतिकृती काय आणि गेले काय

फोर्ट कोची, मट्टनचेरी आणि तेथून उत्तरेला पेरियार नदीच्या मुखाकडे पसरलेला मुझिरिस या प्राचीन बंदराचा परिसर यांतील संग्रहालये आणि वारसास्थळे पाहताना इमारतीचा आकार, दालनांची संख्या किंवा वस्तूंची किंमत या नेहमीच्या मोजमापांचा फारसा उपयोग होत नाही. समोर दिसते ती वस्तू मूळ आहे, तिची प्रतिकृती आहे, की येथे पूर्वी काहीतरी होते एवढेच आता उरले आहे, हे पाहणाऱ्याला कितपत कळते, हा निकष मला अधिक उपयोगी वाटला. कारण या किनाऱ्यावर बरेच काही आपली जागा सोडून गेलेले आहे. फोर्ट कोचीत किल्ला नाही, वास्को द गामाच्या थडग्यात वास्को द गामा नाही, परवूरच्या सिनेगॉगमधले, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहातले, धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवण्याचे मूळ पवित्र कपाट जेरुसलेममध्ये आहे आणि मुझिरिसच्या व्यापाराचा सर्वांत बोलका दस्तऐवज व्हिएन्नात आहे. हे आधी माहीत असेल तर हा प्रदेश विलक्षण रंजक ठरतो. माहीत नसेल तर जुन्या भिंतींची रांग पाहून परतल्यासारखे होते.

बंदरही येथे मूळ जागी राहिलेले नाही. १३४१ साली पेरियारला आलेल्या महापुराने मुझिरिसचा मार्ग गाळाने बुजला आणि कोचीचे मुख मोकळे झाले, अशी परंपरागत मांडणी आहे. विसाव्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्याने मुखाशी आडवा पडलेला वाळूचा दांडा कापून आतल्या बंदरात मोठ्या जहाजांना वाट करून दिली आणि उपसलेल्या गाळातून विलिंग्डन बेट उभे राहिले. म्हणून एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला रस्त्याने जाणे शक्य असले, तरी पहिल्यांदा तरी पाण्यावरूनच जावे. राज्य जलवाहतूक विभागाच्या जुन्या बोटी आजही धावतात आणि त्यांचे भाडे अगदी किरकोळ आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोच्या विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित बोटी अधिक शांत व आरामशीर आहेत आणि भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणाऱ्या तरंगत्या धक्क्यांमुळे वृद्धांना किंवा चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशांनाही त्यांत सहज चढता येते. सोय पाहायची तर वॉटर मेट्रोच घ्यावी. पण बंदराचा वास, वारा आणि आवाज हवा असेल, तर उघड्या खिडक्यांच्या जुन्या बोटीला पर्याय नाही.

मट्टनचेरीचा राजवाडा हा या साऱ्या परिक्रमेचा कळस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पोर्तुगीजांनी तो १५५५ च्या सुमारास बांधून कोचीचा राजा वीर केरळ वर्मा याला भेट दिला आणि १६६३ नंतर डचांनी त्याची डागडुजी केली; लोकांच्या तोंडी मात्र डागडुजी करणाऱ्यांचेच नाव राहिले आणि आजही तो ‘डच पॅलेस’ म्हणून ओळखला जातो. बाहेरून पाहिले तर निराशा होण्याचीच शक्यता अधिक. पांढऱ्या भिंती आणि उतरती कौले असलेली ही दुमजली वास्तू राजवाड्यापेक्षा एखाद्या मोठ्या वखारीसारखी दिसते. पण आतली रचना केरळच्या चौसोपी नालुकेट्टू घराची आहे, मधल्या चौकात राजघराण्याच्या कुलदेवतेचे, पळयन्नूर भगवतीचे, देऊळ आहे, आणि युरोपीय बांधणीच्या जाड भिंतींनी वेढलेला हा देशी चौक पाहिल्यावर भेट देणारे आणि घेणारे यांच्यातले नाते एका दृष्टिक्षेपात समजते.

येथे थांबायचे ते भित्तिचित्रांपुढे. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर दशरथाच्या यज्ञापासून रामकथा उलगडत जाते, आणि ही चित्रे इतकी दाटीने मांडलेली आहेत की दोन प्रसंगांमध्ये श्वास घ्यायलाही जागा सोडलेली नाही. गेरूचा तांबडा, पिवळी माती, हिरवा, काळा आणि चुन्याचा पांढरा एवढ्या मोजक्या रंगांत चितारलेल्या या आकृत्यांचे टपोरे डोळे, जड मुकुट आणि भरगच्च अलंकार पाहताना कथकळीच्या वेशभूषेची आठवण होणे अपरिहार्य आहे. हे काम ओल्या गिलाव्यावर नव्हे, तर सुकलेल्या चुन्याच्या पृष्ठभागावर झालेले आहे. त्यामुळे चित्रकाराला गिलावा वाळण्याच्या आत रेघ ओढून मोकळे होण्याची घाई नव्हती आणि तो निवांतपणा दागिन्यांच्या बारकाव्यांत दिसतो. खालच्या मजल्यावरच्या दालनांत शिव, विष्णू आणि गोपींसमवेत असलेला कृष्ण आहे. शिव मोहिनीवर भाळलेला असताना पार्वती शेजारी बसून पाहते आहे, हा प्रसंग ज्या मोकळेपणाने रंगवला आहे, त्या मोकळेपणाची अपेक्षा आपण राजवाड्याच्या भिंतीकडून सहसा करत नाही. चित्रांची छायाचित्रे काढण्यास मनाई आहे आणि ती योग्यच आहे. मोबाइल खिशात गेला की माणसे चित्राकडे पाहू लागतात, हा तिचा आणखी एक फायदा.

उरलेल्या दालनांत पालख्या, छत्रचामरे, शस्त्रे, नाणी, जुने नकाशे आणि कोचीच्या राजांची व्यक्तिचित्रे आहेत. व्यक्तिचित्रांपुढे बहुतेक लोक रेंगाळत नाहीत, कारण केरळ वर्मा आणि राम वर्मा ही नावे पुन्हा पुन्हा येत राहतात आणि पाहणारा गोंधळतो. तेथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: या घराण्यात गादी बापाकडून मुलाकडे जात नसे, ती मातृवंशातल्या ज्येष्ठ पुरुषाकडे जात असे. म्हणजे भिंतीवर शेजारी शेजारी लावलेले दोन राजे पितापुत्र नसून भाऊ किंवा मामाभाचे असण्याचा संभव अधिक. हे कळल्यावर ती रांग कंटाळवाणी राहत नाही. काही दालनांतल्या काळ्या, आरशासारख्या गुळगुळीत जमिनीकडेही लक्ष द्यावे. ती संगमरवराची वाटते, पण जाळलेल्या करवंट्यांचा कोळसा, चुना, वनस्पतींचा रस आणि अंड्याचा पांढरा बलक यांच्या मिश्रणातून ती घडवली असल्याचे सांगितले जाते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतल्या या वास्तूचे प्रवेशशुल्क नाममात्र आहे आणि त्या मोबदल्यात जे पाहायला मिळते त्याला तोड नाही.

राजवाड्याला लागूनच ‘परदेशी’ या नावाचे सिनेगॉग आहे. १५६८ मध्ये बांधलेले हे प्रार्थनास्थळ राजाच्या देवळाच्या इतके निकट असणे योगायोग नाही. कोचीच्या राजाने ज्यू व्यापाऱ्यांना दिलेल्या आश्रयाचा तो दगडविटांतला पुरावा आहे. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी त्याची नासधूस केली आणि डच आल्यानंतर ते पुन्हा उभे राहिले. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६० च्या सुमाराचा, आणि त्याच्या वेगवेगळ्या तबकड्यांवर वेगवेगळ्या लिपींतले आकडे आहेत: बंदरावरच्या गिऱ्हाइकाला आपापल्या अंकांत वेळ कळावी, ही व्यापारी पेठेची व्यवहारदृष्टी त्यात दिसते. आत जाताना पादत्राणे काढावी लागतात आणि हा नियम येथे पथ्यावरच पडतो, कारण जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. एकही फरशी दुसरीसारखी नाही, असे सांगतात. खाली वाकून चार-दोन फरशा ताडून पाहिल्या तर विलोचे झाड, पूल आणि होडी यांची मांडणी दर खेपेस जरा वेगळी दिसते. वर बेल्जियमची झुंबरे, मध्ये पितळी कठड्याचा प्रार्थनामंच आणि मागे स्त्रियांचा सज्जा. सज्ज्याच्या पुढच्या भागात दुसरा प्रार्थनामंच आहे. दोन मंचांची ही पद्धत केरळच्या सिनेगॉगांचे खास वैशिष्ट्य आहे आणि पुढे परवूरला गेल्यावर ती पुन्हा भेटते, म्हणून येथेच नीट पाहून ठेवावी.

या समाजाच्या हक्कांचा आधार असलेले ताम्रपट इसवी सन १००० च्या सुमाराचे आहेत. भास्कर रविवर्मन या राजाने ज्यूंचा पुढारी जोसेफ रब्बान याला त्यांद्वारे ७२ विशेषाधिकार दिले. १९६८ मध्ये सिनेगॉगला चारशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी समारंभाला उपस्थित होत्या आणि टपाल खात्याने तिकीटही काढले. तोवर समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेलेली होती. बाहेरच्या ज्यू टाउन रस्त्यावर आज दोन्ही बाजूंना मसाले, अत्तरे आणि पुराणवस्तूंची दुकाने आहेत. पुराणवस्तूंबद्दल एवढेच सांगता येईल की त्यांतील धूळ बऱ्याचदा वस्तूपेक्षा जुनी असते; खरेदी करायची असेल तर ती वस्तू आवडली म्हणून करावी, तिच्या वयावर विश्वास ठेवून करू नये.

मट्टनचेरीत मराठी वाचकाला थांबवणारा आणखी एक धागा आहे. गोव्यातून येथे येऊन स्थायिक झालेला कोकणी भाषक समाज तिरुमला देवस्वम या मोठ्या देवळाभोवती चेरळाई भागात राहतो. याच समाजातील रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा वैद्यांनी डच गव्हर्नर व्हान रीड याच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या वनस्पतीविषयक ग्रंथाला साहाय्य केले. १६७८ पासून ॲमस्टरडॅममध्ये छापल्या गेलेल्या या बारा खंडांच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात त्यांचे कोकणीतले, नागरी लिपीतले प्रमाणपत्र आहे. नागरी अक्षरे छापली गेल्याच्या सर्वांत जुन्या उदाहरणांत त्याची गणना होते. संग्रहालये पाहून झाल्यावर या भागातून एक फेरी मारावी. तेथे तिकीट नाही, फलक नाही, पण कानावर पडणारी बोली ओळखीची वाटते.

फोर्ट कोचीकडे वळले की पाहण्याची पद्धत बदलावी लागते, कारण येथे संग्रहालयांपेक्षा रस्तेच अधिक बोलतात. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला इमॅन्युएल किल्ला डचांनी लहान केला आणि इंग्रजांनी १८०६ मध्ये पाडला. समुद्राकाठी त्याचे काही अवशेष तेवढे दिसतात. सेंट फ्रान्सिस चर्च मात्र सत्तांतरांचा सगळा हिशोब एकाच छताखाली मांडते. आधी लाकडी प्रार्थनागृह, मग पोर्तुगीज कॅथलिकांचे दगडी चर्च, १६६३ नंतर डच प्रॉटेस्टंटांचे, १७९५ मध्ये इंग्रज आल्यानंतर यथावकाश अँग्लिकनांचे आणि आता चर्च ऑफ साउथ इंडियाचे. वास्को द गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत मरण पावला आणि त्याला येथेच पुरले. पुढे चौदा-पंधरा वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. कठड्याने वेढलेल्या त्या शिळेभोवती गर्दी असते, पण माझ्या मते भिंतींत उभ्या बसवलेल्या पोर्तुगीज आणि डच थडग्यांच्या शिळा अधिक मोलाच्या आहेत: एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला डच, आणि त्यांवर कोरलेली कुलचिन्हे, जहाजे आणि कवट्या. छताला टांगलेले कापडी पंखेही पाहावेत. त्यांच्या दोऱ्या भिंतीबाहेर जातात आणि उपासना चालू असताना पंखा ओढणारा बाहेर उन्हात बसत असे. वसाहतीच्या समाजरचनेवर लिहिलेल्या कित्येक पानांचे काम ती एक दोरी करते.

सांताक्रूझ बॅसिलिका सुंदर आहे, पण आजची इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारायला सुरुवात झालेली आहे. इंग्रजांनी पाडलेल्या जुन्या चर्चचा एक दगडी खांब आवारात आहे, तो शोधावा. १७२४ ची डच दफनभूमी बहुधा कुलूपबंद असते आणि फाटकातूनच पाहावी लागते. इंडो-पोर्तुगीज संग्रहालय चर्चच्या वस्तूंत रस असणाऱ्यांसाठी आहे आणि तळघरातला किल्ल्याच्या भिंतीचा भाग ही तेथली खरी कमाई. नौदलाच्या द्रोणाचार्य तळावरचे सागरी संग्रहालय मुलांना घेऊन जाण्याजोगे आहे. मासेमारीच्या चिनी जाळ्यांबद्दल सगळेच लिहितात. तोलासाठी बांधलेले दगड आणि खांबांची ती तरफ प्रत्यक्ष चालताना पाहणे आनंदाचे आहे. मात्र दोर ओढण्याचे आमंत्रण आले तर किती पैसे द्यायचे हे आधी बोलून घ्यावे. अस्पिनवॉल हाउस ही समुद्राला लागून असलेली व्यापारी वसाहत २०१२ पासून कोची-मुझिरिस बिएनाले या कलाप्रदर्शनामुळे नावारूपाला आली. या द्वैवार्षिक प्रदर्शनाच्या काळात जुन्या वखारी आतून पाहण्याची जी संधी मिळते ती एरवी मिळत नाही, म्हणून शक्य असल्यास हिवाळ्यातला तोच काळ निवडावा.

या संपूर्ण भागात एका दोषाचा उल्लेख करणे भाग आहे आणि तो कोणत्याही एका ठिकाणापुरता नाही. वस्तूखाली तिचे नाव आणि शतक लिहिले की काम संपले, अशी समजूत अनेक फलकांतून डोकावते. ती वस्तू येथे कशी आली, तिच्याजवळ पूर्वी काय होते आणि ते आता कोठे आहे, हे क्वचितच लिहिलेले असते. ही उणीव गाइड भरून काढू शकतात, पण त्यांतील काहींना इतिहासापेक्षा मसाल्याच्या दुकानाची वाट अधिक चांगली ठाऊक असते. थोडे वाचून जाणे हाच त्यावरचा स्वस्त उपाय.

म्हणूनच उत्तरेकडचा मुझिरिस वारसा प्रकल्प मला महत्त्वाचा वाटतो. केरळ शासनाने जलमार्गाने जोडलेली ही लहान लहान संग्रहालये कोचीच्या तुलनेत कमी गर्दीची आणि मांडणीच्या दृष्टीने अधिक विचारी आहेत. ग्रीक आणि रोमन लेखकांनी उल्लेखिलेले मुझिरिस नेमके कोठे होते याविषयी विद्वानांत वाद आहे. २००७ पासून केरळ इतिहास संशोधन परिषदेने पट्टणम येथे केलेल्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांचे तुकडे, मिऱ्याचे दाणे, विटांच्या धक्क्याचे अवशेष आणि सुमारे सहा मीटर लांबीची लाकडी होडी सापडल्याने अनेकांचा कौल या गावाकडे झुकला. प्रत्यक्ष पट्टणममध्ये नारळाची झाडे आणि घरे दिसतात. भग्न स्तंभांची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याचा हिरमोड होईल. व्हिएन्नातला पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरचा तो दस्तऐवज, हर्मापोलोन नावाच्या जहाजाने मुझिरिसहून नेलेल्या मालाची नोंद देतो आणि प्राचीन तमिळ संगम काव्यात सोने घेऊन येणाऱ्या व मिरी घेऊन जाणाऱ्या यवनांच्या, म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांच्या, गलबतांचे वर्णन आहे. ही दोन साधने वाचून गेलेल्याला ते साधे गाव पुरेसे वाटेल.

परवूरचे सिनेगॉग वास्तू म्हणून मला मट्टनचेरीच्या सिनेगॉगपेक्षाही सरस वाटले. रस्त्यावरचे दुमजली प्रवेशगृह, त्यामागचा बंदिस्त चौक, मग झाकलेली वाट आणि शेवटी प्रार्थनागृह, असा हा क्रम टिकून आहे आणि रस्त्याच्या गोंगाटापासून प्रार्थनेपर्यंत माणसाला टप्प्याटप्प्याने आणण्याची बांधणाऱ्यांची कल्पना पावलागणिक समजते. आत जे कोरीव पवित्र कपाट दिसते ती प्रतिकृती आहे. मूळ कपाट जेरुसलेमच्या इस्राएल संग्रहालयात आहे, जेथे मट्टनचेरीच्या कडवुंभागम सिनेगॉगचे अंतरंगही नेऊन मांडलेले आहे. प्रतिकृती पाहण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही: ज्यांनी ते कपाट पुजले ती माणसेही तिकडेच गेली, आणि रिकाम्या कोनाड्यापेक्षा प्रमाणबद्ध प्रतिकृती वास्तूला अधिक न्याय देते.

चेंदमंगलमचे सिनेगॉग आकाराने लहान आहे, पण त्याच्या दारासमोरची सारा बत इस्राएल हिची समाधिशिला १२६९ सालची असून भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या हिब्रू लेखांपैकी ती आहे. देऊळ, मशीद, चर्च आणि सिनेगॉग या गावात चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कोचीच्या राजांचे वंशपरंपरागत प्रधान असलेल्या पालियत अच्चन घराण्याचा वाडा जवळच आहे, आणि २०१८ च्या पुरात मोठे नुकसान सोसलेल्या हातमाग विणकरांची कापडेही येथे विकत मिळतात. कोट्टप्पुरमचा पोर्तुगीज किल्ला आज उत्खनित पायांच्या रूपात उरला आहे. बोट त्या बाजूने जाणार असेल तर उतरावे, केवळ त्यासाठी वेगळी खेप करू नये. कोडुंगल्लूरची चेरमान मशीद परंपरेने इसवी सन ६२९ ची मानली जाते आणि तिला प्रार्थनेच्या वेळा टाळून भेट द्यावी.

आखणी करताना सुट्ट्यांचा मेळ बसवणे हेच मुख्य काम आहे. राजवाडा शुक्रवारी बंद असतो. परदेशी सिनेगॉग शनिवारी आणि ज्यू सणांना बंद असते आणि शुक्रवारी लवकर मिटते. राज्य शासनाची संग्रहालये साधारणतः सोमवारी बंद असतात. रविवारी सकाळी चर्चमध्ये उपासना चालू असते. म्हणजे मट्टनचेरीसाठी मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस ठेवावा, फोर्ट कोचीची पायपीट ऊन चढण्याआधी उरकावी आणि मुझिरिससाठी पूर्ण स्वतंत्र दिवस द्यावा; बोटीच्या फेऱ्या ऋतुमानाप्रमाणे बदलत असल्याने त्या आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात. तृप्पुनितुरा येथील हिल पॅलेस १८६५ मध्ये बांधलेला, एकोणपन्नास इमारतींचा प्रचंड पसारा आहे आणि कोचीच्या राजांचा मुकुट तेथे आहे. राजघराण्यांच्या वैभवात विशेष रस असेल तरच तिकडे अर्धा दिवस खर्च करावा. वेळ तोकडा असेल तर तो परवूर आणि चेंदमंगलमला देणे अधिक फायद्याचे.